कपाटातले हातमोजे

काकूंना पशुपालन शिबिरातली एकच गोष्ट आवडायची, फुकटच्या वस्तू. पहिल्या वर्गात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकीला कोपरापर्यंतच्या हातमोज्यांचं पाकीट दिलं होतं. काकूंनी ते घरी नेऊन कपाटात कपड्यांखाली जपून ठेवलं.

आज दुसरा वर्ग. बाईंनी विचारलं, "गाय गाभडली, अर्धवट दिवसांचं वासरू पडलं, तर काय करता?"

"करायचं काय? आवरायचं!" काकू म्हणाल्या आणि सगळ्याजणी खो खो हसल्या.

बाई हसल्या नाहीत. "उघड्या हातांनी? त्या घाणीतून माणसाला रोग लागू शकतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. आणि बाई पोटुशी असेल, तर पोटातल्या जिवालाही धोका. म्हणून तर मोजे दिले होते."

गेल्याच पंधरवड्यात काकूंची तांबडी गाय गाभडली होती. वार गायीच्या पोटातच अडकली होती, ती हाताने काढायची होती, आणि सहावा महिना लागलेली सून बिचारी मोजे मागायला आली होती.

"नवेकोरे कशाला घाण करतेस?" काकू तिला म्हणाल्या होत्या. "आम्ही जन्मभर हातांनीच केलं. आम्हाला काय धाड भरली?"

पोरगी गुणी. बाह्या सरसावून गोठ्यात गेली होती.

"बाई, लागतोच का हो रोग?" काकूंनी कसंबसं विचारलं.

"सगळ्यांनाच नाही. पण रक्त तपासायला हवं, आजच. कुणाच्या घरी झालंय असं?"

काकू उठल्या आणि चपला तिथेच टाकून घराकडे पळत सुटल्या. वाटभर मनाला बजावत होत्या, पोरगी ठणठणीत असेल, उगाच घाबरतेस. मन काही ऐकेना.

सून अंगणात बसली होती. भर उन्हात, अंगावर गोधडी ओढून.

"आई, इतक्या लवकर? काही नाही हो, जरा कणकण आहे. परवापासून येते नि जाते."

काकूंनी गोधडी बाजूला सारली. "ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"एवढ्याशा तापाला?" सून हसली. "तुम्हीच म्हणता ना, आम्हाला काय धाड भरली!"

"मोजे कपाटातच आहेत गं," काकू म्हणाल्या. "मी तुला दिले नाहीत." आणि त्यांनी सुनेचे दोन्ही तापलेले हात घट्ट धरले.