मोरीत गेलेली दुसरी धार

मित्रांनो, मी जुनी आहे, माझ्या कडेचा टवका उडालाय, पण मी कामचुकार नाही. प्रयोगशाळेतली उभी काचेची नळी मी. माझ्या पोटात बारीक मणी भरतात आणि वरून घोड्याच्या रक्तातला पिवळसर रस ओततात. त्यातली विषाशी लढणारी प्रतिपिंडं मी प्रकारांप्रमाणे वेगळी करते.

एक प्रकार सौम्य मीठपाण्याबरोबर लगेच खाली उतरतो. दुसरा मण्यांना चिकटून बसतो, त्याला तेज मीठपाणीच लागतं. आमच्या साहेबांचा शिरस्ता मात्र ठरलेला. पहिली धार बाटलीत, आणि नंतर तेज पाण्याने मला धुतलं की ते धुवण मोरीत! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग 'अडेल'ची पाळी आली. तबेल्यातला हा सर्वांत म्हातारा घोडा. सर्पदंशावरच्या औषधासाठी सापाचं विष थोडंथोडं टोचून त्याला तयार केलेलं. पण त्याची पहिली धार विषापुढे लेचीपेची ठरली.

"शनिवारी गाडी बोलवा. काढून टाकू याला," साहेब म्हणाले.

घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार काका दारातच थबकले. "साहेब, अकरा वर्षं सुया टोचून घेतल्या त्याने. एकदाही लाथ मारली नाही हो."

"काका, लाथ न मारणं म्हणजे औषध नव्हे."

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताई तेज मीठपाणी घेऊन मला धुवायला आल्या. त्या दिवशी मी हट्टाला पेटले. तोटी घट्ट धरली आणि थेंब थेंबच सोडला. कंटाळून ताईंनी खाली चंबू ठेवला आणि त्या जेवायला गेल्या. परत येऊन त्यांनी तो हलवला, तर वर फेस!

"अगं बाई, नुसत्या मीठपाण्याला फेस कसा येईल? यात रक्तातली प्रथिनं उतरलीत!"

त्यांनी ते धुवण तीनदा तपासलं. तिन्ही वेळा विष गारद झालं. अडेलची सगळी ताकद दुसऱ्या धारेत होती.

साहेबांनी तपासणीचा कागद वाचला. "गाडी नको," एवढंच म्हणाले. काकांनी डोळे पुसले आणि ते तबेल्याकडे धावत सुटले.

अडेल वाचला. पण त्याच्याआधी पाच घोडे त्याच गाडीतून गेले, हे मी विसरलेले नाही.

आता नवं यंत्र आलंय. मी फळीवर धूळ खाते. फेकायचं तर खुशाल फेका मला, मी गयावया करणार नाही. पण मित्रांनो, कुणालाही निकामी ठरवण्याआधी आपण मोरीत काय ओतलं ते एकदा बघा.