पाण्याखालची संथाबाई

मित्रांनो, मी एक जुनी पाणवनस्पती आहे. पुस्तकातलं माझं नाव अनुबियास, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. मला सगळे संथाबाई म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. महिन्याकाठी मी फार तर एक पान काढते. मनात नसलं तर तेही नाही. रोज सकाळी उठून रोपाची उंची मोजायची ज्यांना हौस आहे, त्यांनी माझ्या वाटेला जाऊ नये. त्यांनी खुशाल भोपळा लावावा.

माझा जन्म एका रोपवाटिकेत झाला. आईच्या खोडाचा बोटभर तुकडा कापला, ओल्या कापसात खोचला, की झाले मी स्वतंत्र. माझ्यासारख्या शेकडो बहिणी तिथे रांगेत बसल्या होत्या आणि वरून सारखे बारीक तुषार पडत होते. तिथून मला उचललं ते एका घड्याळजींनी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते मोहरीएवढी चक्रं फिरवायचे. डोळे शिणले की बघायला काहीतरी हिरवं हवं, म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात त्यांनी काचेची टाकी ठेवली, तिच्यात चार लहान मासे सोडले आणि मला एका काळ्या दगडावर बसवलं.

आता माझ्या अंगाची ठेवण नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यावरूनच झाला. माझं खोड उभं नसतं, आडवं असतं. वरून पानं फुटतात, खालून मुळं. मुळं दगडाला धरून ठेवतात, पण खोड उघडं राहिलं पाहिजे, त्याला पाणी लागलं पाहिजे. ते वाळूत पुरलं की माझा जीव घुसमटतो आणि मी सडायला लागते. बाकी माझ्या मागण्या काहीच नाहीत. उजेड थोडा पुरतो. जास्त झाला तर पानांवर शेवाळ चढतं, कारण ते भराभर वाढतं आणि मी अशी. आठवड्यातून एकदा चौथाई पाणी बदललं की मी खूश.

घड्याळजी हे सगळं जाणून होते. दिवा किती वाजता लागायचा आणि किती वाजता विझायचा, हे त्यांनी टायमरवर बांधून दिलं होतं आणि त्यात एका मिनिटाचा फरक त्यांना खपत नसे. घड्याळ दुरुस्तीला टाकायला आलेली माणसं माझ्याकडे बघून म्हणायची, "वा, काय तजेला आहे." घड्याळजी न बघता म्हणायचे, "अहो, तिला घाई नाही ना कशाची." अकरा वर्षं मी त्या कोपऱ्यात सुखाने काढली.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दुकान बंद झालं, अवजारं पेटीत गेली आणि ऑपरेशनसाठी ते थोरल्या मुलाकडे दुसऱ्या गावी निघाले. मला त्यांनी मुलीच्या हवाली केलं. ही मुलगी दातांची डॉक्टर. टाकी तिच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत आली, पेशंटांच्या बाकासमोर. सामान हलवताना दगडावरची माझी पकड सुटली होती, म्हणून घड्याळजींनी मला दोऱ्याचे दोन वेढे देऊन पुन्हा बांधलं.

"हे बघ," ते मुलीला म्हणाले, "दुकानातलं एवढं एकच मागे राहिलंय माझं. हिला सांभाळ. खोड मात्र..."

"हो हो, बाबा, कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आत पेशंट बघायला गेल्या. खोडाचं काय, ते ऐकायचं राहूनच गेलं.

डॉक्टरीणबाई मनाने फार चांगल्या, हे मी आधीच सांगून ठेवते. पण त्यांचा हात शांत म्हणून राहायचा नाही. दुसऱ्याच दिवशी त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. मुळांनी अजून दगड पकडला नव्हता, त्यामुळे पाण्याच्या हेलकाव्याने मी जरा डुलत होते.

"ताई," त्या काउंटरवरच्या बाईंना म्हणाल्या, "ही हलतेय."

आता दातांच्या डॉक्टरला हलणारी गोष्ट बघवते थोडीच? त्यांनी बाह्या सारल्या, चिमटा आणला, दोरा कापला, वाळूत खड्डा केला आणि मला गळ्यापर्यंत आत रोवलं. चारी बाजूंनी वाळू ठासून बसवली. बोटाने हलवून बघितलं. मी तसूभरही हलले नाही. "आता कशी घट्ट बसली," त्या समाधानाने म्हणाल्या. मी दात असते तर धन्य झाले असते. शिवाय मी अंधारात पडले आहे असं वाटून त्यांनी टाकीवर एक झगझगीत ट्यूब लावली. ती सकाळी दवाखान्याबरोबर लागायची आणि संध्याकाळी दवाखान्याबरोबरच विझायची.

पंधरा दिवसांत माझ्या पानांवर हिरवं शेवाळ चढलं. ताई नव्या मऊ ब्रशने एकेक पान घासायच्या, वरून खाली, हलक्या हाताने. इतकी निगा तिथल्या पेशंटांनीही आपल्या दातांची कधी राखली नसेल. पण वाळूखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. माझं खोड मऊ पडत चाललं होतं. मग एक दिवस एक पान देठासकट सुटून वर तरंगलं. मग दुसरं. मग तिसरं.

घड्याळजींचा रोज फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "संथाबाई कशी आहे?"

"मजेत आहे," डॉक्टरीणबाई म्हणायच्या आणि फोन ठेवून माझ्याकडे बघायच्या. वडिलांनी आयुष्यात एकच गोष्ट सांभाळायला दिली होती आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती. मलाही भीती वाटत होती, मित्रांनो. मरणाची तर होतीच, पण घड्याळजींना मी शेवटची दिसणारच नाही याची जास्त होती.

ऑपरेशन होऊन घड्याळजी परत यायला दोन दिवस उरले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला उपटलं. खालचा भाग काळा, बुळबुळीत झाला होता आणि वास तर विचारूच नका. "गेली ही," त्या म्हणाल्या. ताईंनी बाजारातून हुबेहूब माझ्यासारखी दुसरी आणली. ती वाळूत बसवली. मला टाकून द्यायचं ठरलं होतं, पण ताईंना टाकवेना. त्यांनी मागच्या खोलीत एका वाडग्यात पाणी घालून मला ठेवलं आणि वर झाकण सारलं.

पुढचं मला नंतर टाकीतल्या माशांनी सांगितलं. घड्याळजी डोळ्यांना काळा चष्मा लावून आले. बाकावर बसले. टाकीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ही कोण?"

"कोण म्हणजे? संथाबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवीन पाणी मानवलंय तिला."

"अगं, अकरा वर्षं मी हिच्यासमोर बसलोय. ही कुणीतरी पाहुणी आहे. आपली कुठे आहे?"

ज्यांच्यासमोर मोठमोठी माणसं आ करून गप्प बसतात, त्यांनीच आता तोंड उघडलं. त्या एकदम म्हणाल्या, "बाबा, मी मारली तिला. ती हलत होती म्हणून पुरली. तुम्ही काहीतरी सांगत होतात, मी ऐकलंच नाही."

घड्याळजींचा चेहरा असा उतरला की मासेसुद्धा दगडाआड गेले. तेवढ्यात ताई आत गेल्या आणि वाडगा घेऊन आल्या. "काका, टाकली नाहीये," एवढंच म्हणाल्या.

घड्याळजींनी मला तळहातावर घेतलं. नाक मुरडलं नाही. अंगठ्याने खोड दाबत दाबत गेले. मऊ, मऊ, मऊ. मग अगदी टोकाला थांबले. "इथे टणक लागतंय," ते म्हणाले. "पण माझा हात आता थरथरतो, आणि मला वाकायला मनाई आहे. तू काप."

"मी? नको बाबा. आणखी काही बिघडवीन."

"सडलंय तेवढं काढायचं, चांगल्याला धक्का लावायचा नाही. हे आता मी तुला शिकवायचं?"

डॉक्टरीणबाई रडता रडता हसल्या. मला आतल्या ट्रेमध्ये, ओल्या कापसावर ठेवलं आणि पेशंटचा मोठा दिवा माझ्यावर ओढला. काय सांगू, त्यांचा हात त्या वेळी असा स्थिर होता की मला पुन्हा जन्म घेतल्यासारखं वाटलं. पातं फिरलं. आत तपकिरी. अजून थोडं. फिकट. अजून एक काप, आणि आतून स्वच्छ पांढरट हिरवं खोड लागलं. तिथे त्या थांबल्या. माझी आता पेरभर लांबी आणि दोन पानं उरली होती.

ताई दोरा शोधायला गेल्या तर दवाखान्यात शिवणाचा दोरा कुठला असणार? मग दातांच्या फटी साफ करायचा दोरा निघाला, बिनवासाचा. त्याने मला दगडावर बांधलं. खोड उघडं ठेवलं. ट्यूब उतरवली. पाहुणीलाही वाळूतून काढून दुसऱ्या दगडावर बसवलं, नाहीतर तिचीही माझ्यासारखीच गत झाली असती.

पण मी जगणार की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. पाच आठवडे मी नुसती तग धरून होते. डॉक्टरीणबाई दोन पेशंटांमध्ये येऊन बघायच्या, हात टाकीपर्यंत न्यायच्या आणि मागे घ्यायच्या. घड्याळजी रोज दुपारी येऊन बाकावर बसायचे. सहाव्या आठवड्यात माझ्या टोकाला सुईसारखी गुंडाळी दिसू लागली. पान होतं ते. माझा जीव भांड्यात पडला.

"बाबा, दिसतंय का? पण उघडत नाहीये. चिमट्याने जरा सोडवून देऊ?"

"नको. उघडेल ते."

"मग मी काय करू?"

"काही नाही. बस."

त्या बसल्या. स्वतःच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर त्या कधी बसल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, मग रोजच. त्या पानाला उलगडायला नऊ दिवस लागले. मित्रांनो, तुमच्या हाती कुणी संथ जीव आला तर त्याला घट्ट रोवू नका, ओढू नका, भसाभस उजेड ओतू नका. त्याला काय लागतं ते आधी ऐकून घ्या आणि मग त्याच्याजवळ बसा. बाकीचं तो आपल्या वेळेने करतो. हे मी रोपांपुरतं सांगत नाहीये. कारण नवव्या दिवशी, पान पुरतं उघडल्यावर, घड्याळजी टाकीकडे बघत हळूच म्हणाले, "दुकान बंद झाल्यापासून सकाळी उठलं की कुठे जायचं, तेच कळत नाही गं मला." आणि आतून पेशंटची दोनदा हाक आली तरी डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळून उठल्या नाहीत.