पुलरचे पातळ पाय

सकाळी कामावर निघताना बेअरिंग ओढून काढायचा पुलर फिटरने पेटीतून उचलला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. पुलरचे तिन्ही पाय कुणीतरी टोकाशी घासून पातळ केले होते. पेटीला हात लावणारा दुसरा माणूस एकच, बायकोचा भाऊ. विचारलं तर तो डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखा म्हणाला, "दाजी, ते आधीपासूनच तसे आहेत." एरवी पान्याला तेल लावायलाही न उठणारा गडी घासत कशाला बसेल?

लाँड्रीतल्या मशीनचं बेअरिंग शाफ्टवर जाम बसलं होतं. मागे जेमतेम बोटभर फट. जाड पाय तिथे कधी शिरलेच नव्हते. दर वेळी अख्खं मशीन खोलण्यात दिवस जायचा. आज पाय अलगद आत गेले. त्याने मधला बोल्ट आवळत नेला, तसं बेअरिंग कुरकुरत बाहेर आलं.

क्षणभर त्याला मेहुण्याचं कौतुक वाटलं. मग मनात पाल चुकचुकली. पाय नेमके याच फटीच्या मापाचे होते आणि मेहुण्याला त्याने इथे कधीच आणलं नव्हतं.

लाँड्रीवाली बाई डोकावली. "झालं का? पलीकडच्या मशीनला तुमच्या मेहुण्यांना निम्माच वेळ लागला होता. यापुढे त्यांनाच पाठवत जा."