खरवडलेला गेटा

"ते नाणं पालथं ठेवा ना जी, आनंदराव. मागच्या बाजूनं देवी आहे, चांगली दिसते."

गणपतराव देवतळे नाणेसंग्राहक मंडळाचे सचिव होते, बँकेतून निवृत्त झालेले. प्रताप नगरच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन भरलं होतं आणि अकरा वाजता उद्घाटनाला एक मोठे पुढारी येणार होते. सचिवांचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता.

"काहून पालथं ठेवू?" आनंदराव गजघाटे म्हणाले.

"अर्धं नाणं झिजलेलं आहे. अन् खाली तुमी जे लिहून ठेवलं ते वाचून पाव्हण्याले वाटन, का आपल्यालेच टोमणा मारून राहिले."

आनंदरावांनी लिहिलं होतं ते एवढंच: 'काराकाला आणि गेटा हे दोघे भाऊ एकाच वेळी रोमचे सम्राट होते. काराकालाने गेटाला आईच्या कुशीत मारवलं आणि त्याचं नाव, त्याचा चेहरा सगळीकडून पुसायचा हुकूम काढला. या नाण्यावर आधी दोघेही होते.' आता अठराशे वर्षांपूर्वीच्या भाऊबंदकीचा टोमणा नागपुरात कोणाला लागत असेल, तर त्याला आनंदराव काय करणार?

"झिजलेलं नाही ते. खरवडलेलं आहे."

"एकच झालं."

इथे मात्र आनंदरावांचं डोकं फिरलं. हिंगण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी बफिंगच्या चाकावर पितळी नळ घासून चमकवले होते. झीज आणि खरवड एकच, असं त्यांच्या तोंडावर कोणी म्हणावं?

"भिंग घ्या, साहेब. झीज कशी होते? आधी उंचवटा जाते. नाक जाते, केस जाते. हा पहा काराकाला. नाक शाबूत आहे, दाढीचे केस मोजून घ्या. अन् त्याच्या समोर बोटभर अंतरावर सीधा खड्डा! छिन्नीचे घाव आहेत, एकाच दिशेनं. हातोहाती फिरून दोघातला एकच माणूस झिजत नाही."

गणपतरावांनी भिंगाला हात लावला नाही. "पालथं ठेवा, नाही तं काढून घ्या," म्हणत ते हार आणायला गेले.

पालथं ठेवणं काही अवघड नव्हतं. आनंदरावांनी आयुष्यभर तेच केलं होतं.

त्यांचं पहिलं रोमन नाणं हिरवट-काळं होतं. मळकं दिसतं म्हणून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ते चाकावर धरलं. नाणं सोन्यासारखं चमकलं आणि सम्राट नाहीसा झाला. शेजारच्या चाकावरचा मारोतराव धकाते, उमरेडच्या विणकराचा मुलगा, पोट धरून हसला होता. "सतराशे वरसं टिकला गा तो, तुह्या हातात सतरा सेकंद नाही टिकला!" ते गुळगुळीत नाणंही आज टेबलावर होतं, खाली 'माझी चूक' असं लिहून.

गेटाचं नाणं एका नाणेविक्याकडून स्वस्तात घेतलेल्या टाकाऊ नाण्यांच्या पुडक्यात आलं. खरवडलेलं आहे हे पहिल्यांदा मारोतरावनेच ओळखलं. चहाच्या वेळी भिंग लावून तो म्हणाला होता, "हे वापरानं नाही झालं, आनंद. कोणीतरी बसून केलं."

पुढे मारोतरावने बफिंगच्या धुळीची तक्रार केली, पंखे मागितले. त्या तक्रारीवर सगळ्यांनी सही करायच्या दिवशी आनंदराव पोट दुखतं म्हणून घरी राहिले. पोट दुखत नव्हतं. पंधरा दिवसांत कॅन्टीनमधल्या पंचवीस वर्षं सेवा केलेल्यांच्या फलकावरून मारोतरावचं नाव पत्र्याने घासून काढलेलं दिसलं. तो रोज त्याच फलकासमोर बसून डबा खायचा. आनंदराव पाठ करून बसायचे. दोन वर्षांपूर्वी ती धूळ छातीत घेऊन तो गेला, आणि सहीच्या दिवशी आपण घरी बसलो याची लाज आनंदरावांना अजून जाळत होती. आज दुपारी त्याची बायको मैनाबाई हिंगण्याहून हे नाणं बघायला येणार होती.

आनंदरावांनी रुमालात नाणं घेतलं आणि ते टेबलासमोर उभे राहिले. लाल मखमलीत एक गोल खळगा उरला.

पुढारी आले. फीत कापली, मोगल मोहरांपाशी फोटो काढले आणि निघून गेले. आनंदरावांच्या टेबलाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टोमणा लागायला तरी आधी वाचावं लागतं!

पण लोक थांबत होते. "इथं काय होतं जी?" आनंदराव रुमाल उघडत. "नख फिरवून पहा. झीज आहे का खरवड, तुमीच सांगा." दुपारपर्यंत टेबलाभोवती दोन रांगा झाल्या. गणपतराव दोनदा येऊन डोळे वटारून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "आता ठेवा ते जागेवर. पाव्हणे गेले."

"आता राहू द्या," आनंदराव म्हणाले. "जागेवर होतं तेव्हा तुमाले चालत नव्हतं."

चार वाजता मैनाबाई आली. तिने नाण्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"लय जोर लावला, भाऊजी, कोणी तरी."

"हो."

"तरी कोण होता ते समजलंच ना तुमाले."

"वहिनी, त्या दिवशी माह्यं पोट दुखत नव्हतं," आनंदराव कसेबसे म्हणाले.

"त्याइले मालूम होतं," मैनाबाई म्हणाली. "म्हणे, घाबरला बिचारा."

दाराशी अभिप्रायाची वही होती. मैनाबाईला लिहिता येत नव्हतं. आनंदरावांनी पेन उचललं, तशी ती म्हणाली, "माहं नको. त्याइचं लिहा."

"जे आले त्याइचंच नाव लिहायचं असते इथं," मागून गणपतराव म्हणाले.

आनंदरावांनी वळून पाहिलं नाही. 'मारोतराव धकाते,' त्यांनी लिहिलं, 'बफिंग विभाग, हिंगणा.' पेन इतकं दाबून लिहिलं की खालच्या तीन पानांवर ते नाव उमटलं.