गाळलेलं पाणी

आमच्या आबांना माझ्याशिवाय कुणाचं पटत नाही, ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. पाटणजवळच्या आमच्या वाडीवरचा डोंगर फाटलाय. तहसीलचे साहेब घरं सोडा म्हणून सांगून गेले, शेजारी निघून गेले, आबा मात्र हटून बसलेले. दर पावसाळ्यात शाळेत नेऊन कोंबतात आणि डोंगर काही हलत नाही, हे त्यांचं म्हणणं. "पल्लवी माती तपासून सांगंल, तवाच हलीन." आणि ते हलत नाहीत म्हणून आईही तिथंच.

भेगेतली पांढरी माती आईनं डब्यात भरून सांगलीला पाठवली, मी भूगर्भशास्त्र शिकते तिथं. केओलिन, म्हणजे चिनी माती आहे, एवढं बोटांनाच कळलं. पण साधं, की पाणी पिऊन घसरणारं, ते मशीनच सांगणार. त्याआधी वाळू वेगळी करायला हवी. कॉलेजची लॅब सुट्टीमुळे बंद, मशीन तेवढं उद्या सकाळी मिळणार होतं. म्हणून घरमालकीण गुणमालाकाकूंच्या परसात मी सगळी माती बादलीत कालवली. वाळू तळाला बसते, खरी माती वरच्या पाण्यात तरंगत राहते. ते दुधासारखं पाणी काढून घ्यायला मोठं पातेलं आणायला गेले आणि घात झाला.

परत आले तर बादलीत नुसती वाळू.

"दिवस मावळल्यावर उघडं पाणी ठिवू नये गं, जीव पडत्यात," काकू म्हणाल्या. "गाळून हिरीत सोडलं. तुजी माती हाय की तळाला, झाकून ठिवलीया."

"फडकं कुठाय?"

तेही त्यांनी, गाळलेले जीव पाण्यातच परत जावेत या जैन रिवाजाप्रमाणे, विहिरीच्याच पाण्यात धुतलं होतं. मुंगीला न दुखावणारी बाई, तिच्यावर ओरडायचं तरी काय? तरी ओरडले. मग काठावर बसून ढसाढसा रडले. डब्यात चिमूटभरही उरली नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन. मागे पाऊस कोसळत होता.

"भेग लय रुंदावली गं. ह्यो माणूस ऐकंना. काय निघालं मातीत?"

"आबांना दे."

आबांशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. म्हणून तर त्यांचा माझ्यावर एवढा भरवसा.

"आबा, तपासली. घसरणारीच हाय. आत्ता निघा."

"सोता बघितलंस?"

पायाशी वाळूची बादली होती.

"व्हय आबा. सोता बघितलं."

फोन कानाला तसाच ठेवून ते आईला ओरडून म्हणाले, "हरणे, गुरांची दावी सोड."