शब्द टाकला तेव्हा मी गळ्यातच होतो

मी बोलतोय याचं तुम्हाला नवल वाटेल, कारण मी हेडफोन आहे आणि तोही बिनमाईकचा. वीज गेल्याच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात माझं सगळं आयुष्य गेलं. नवीन माणूस फोन घ्यायला शिकत असला की मला त्याच्या यंत्राला जोडतात. शिकवणारा शेजारी बसतो आणि माझ्यातून सगळं ऐकतो.

मी नव्यांना शिकवणाऱ्या मोठ्या ताईंच्या वाट्याला आलो. त्या मला कानाला लावण्याआधी रुमालाने पुसायच्या. मला त्यांचा अभिमान वाटे.

एकदा त्यांच्याकडे एक मुलगी शिकायला आली. आवाज इतका बारीक, की सगळे तिला चिमणी म्हणू लागले. पहिल्याच फोनवर कुणी गृहस्थ खेकसले, "वीज कधी येणार ते सांग. गोड बोलू नकोस." तिची बोबडी वळली. ताईंनी टेबलाखाली तिचा हात धरला. "त्यांचं बोलून होऊ दे. मग गल्ली विचार." तिने गल्ली विचारली आणि माणूस निवळला.

त्या दिवसापासून ती ताईंची झाली. सुट्टी झाली तरी वाजत असलेला फोन घेऊनच उठायची. वडिलांना आता काही आठवत नाही, ते दार उघडं टाकून निघून जातात, हे तिने मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. ताईंना सांगितलं. दुसरीकडून चांगली नोकरी चालून आली, तेव्हा ताई म्हणाल्या, "थांब गं. इथे सुपरवायझरची जागा निघतेय. मी साहेबांकडे शब्द टाकते."

ती थांबली.

ताईंनी शब्द टाकला. मी त्यांच्या गळ्यातच होतो.

"कामाला सोनं आहे पोरगी," त्या साहेबांना म्हणाल्या. "पण वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही. कधी उठून पळावं लागेल, नेम नाही. आणि ती सुपरवायझर झाली तर माझ्या टेबलाचं काम कोण ओढणार?"

मला ओरडावंसं वाटलं. मी नुसता लोंबकळत राहिलो.

जागा दुसऱ्याला गेली. साहेबांनी चिमणीला बोलावून मायेनं सांगितलं, आधी वडिलांकडे बघ. ती तडक ताईंसमोर येऊन उभी राहिली.

"साहेबांना बाबांचं कसं कळलं?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच बोलले मी."

"मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, ताई."

ताई मला पुसत बसल्या. मी स्वच्छच होतो.

चिमणीने नोकरी सोडली नाही. सोडून जाणार कुठे, ती दुसरीकडची नोकरी तोवर हातची गेली होती. काम चोख करते. वेळ झाली की मात्र उठते, फोन वाजत असला तरी. ताईंना आता मॅडम म्हणते.

परवा एक प्रौढ बाई नव्याने कामाला लागल्या. त्यांना शिकवायचं काम चिमणीकडे आलं आणि मीही तिच्याकडे आलो. तिने हातचं काही राखलं नाही. दुपारी बाई हळूच म्हणाल्या, "आज घरून निघताना जरा..."

"घरचं मला सांगू नका," चिमणी म्हणाली. "इथे कुणालाच सांगू नका." बाईंचा चेहरा उतरला. चिमणीने तो पाहिला आणि पुढचा फोन जोडला.

तुमच्याकडे कुणी शिकायला येत असेल, तर माझं एवढं ऐका. विश्वासाने सांगितलेलं आपल्यापाशीच ठेवा. ते एकदा बाहेर फुटलं, तरी माणूस कामावर येत राहतो, पण नुसता हजेरीपुरता.