सुईवरचे चंदन

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. यंत्राला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण दुसऱ्याचा जीव ज्यात अडकला आहे अशी वस्तू आपल्या हाती आली, की भल्याभल्यांची गाळण उडते.

कलकत्त्याच्या एका कारखान्यात मी तयार झालो. सागवानी पेटी, जड थाळी आणि तिला फिरवणारे एक रबरी चाक, एवढाच माझा संसार. तिथून मी तंजावूरला अंबुजाबाईंच्या घरी आलो. त्या गाणे शिकवत. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि शिकवताना दोन्ही. शिष्य चुकला तर त्या रागावत नसत, फक्त आपल्या मांडीवर एक थाप मारत. ती थाप पडली की गाणारा जागच्या जागी गप्प होई. त्यांचा मुलगा साईरामही त्याच थापेखाली शिकला. त्या काळी माझी मोठी बडदास्त होती. शेजारीपाजारी संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसत.

पुढे कॅसेट आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली, नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या पेट्यांमागे. माझे वंगण गोंदासारखे घट्ट झाले, चाक कडक झाले. उंदीर वायर कुरतडत असताना मी नुसता ऐकत पडलो होतो.

एक दिवस साईरामने मला खाली काढले. घरात काय घडले होते ते मला तेव्हा कळले. अंबुजाबाईंच्या घशाला मोठा आजार झाला होता. मद्रासच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज कायमचा गेला. नात भुवना तेव्हा पाळण्यात होती. आता ती चार वर्षांची झाली होती आणि आजीचा आवाज तिला ठाऊकच नव्हता.

तो आवाज फक्त एका तबकडीत उरला होता. तरुणपणी मद्रासच्या एका दुकानात अंबुजाबाई गायल्या होत्या आणि दुकानदाराने तिथल्या तिथे ती तबकडी कोरून दिली होती. तिची दुसरी प्रत नव्हती. तिच्या पत्र्यावरचा काळा लेप आता कडेने सुटू लागला होता. ती फार तर एकदा वाजेल, असे साईरामने बायकोला, महालक्ष्मीला, सांगितले. त्या एका वेळेत त्याला तो आवाज कॅसेटवर उतरवून घ्यायचा होता. मित्रांनो, हे ऐकले आणि माझी पाचावर धारण बसली.

साईराम टेलिफोन खात्यात होता, त्यामुळे त्याचा हात सफाईचा. त्याने माझी पेटी उघडली, जुने वंगण रॉकेलने धुतले, शिलाई मशीनचे तेल घातले आणि वायर नि चाक बदलले. सुई बसते ते माझे जुने जड डोके त्या तबकडीवर नांगरासारखे चालले असते, म्हणून तेही काढले. परदेशी माल आता मद्रासला उघड मिळू लागला होता. तिथून त्याने हलके नवे डोके आणि जुन्या रुंद रेघांना बसणारी सुई आणली. मी पुन्हा गरगर फिरू लागलो. सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र त्या नव्या अणकुचीदार सुईचीच भीती वाटत होती.

इतक्यात आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्या गावात सायकलीपासून विळीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. महालक्ष्मीने विळीच्या पात्याला बोट लावले, शिलाई मशीनच्या सुईला लावले. जे काम करते त्याची पूजा, हा तिचा साधा हिशोब. म्हणून माझ्याही सुईच्या टोकावर तिने मायेने चंदनाचा ठिपका ठेवला. साईराम तेव्हा बाहेर स्कूटर धूत होता. चंदन सुकून खड्यासारखे झाले. हा खडा तबकडी ओरबाडणार हे मला कळत होते, पण सांगणार कसा?

विजयादशमीला सकाळी सगळे जमले. साईरामने तबकडी ठेवली, टेपरेकॉर्डरचा माईक माझ्याजवळ लावून कॅसेट सुरू केली आणि मला फिरवले. सुई धरणारा माझा हात त्याने उचलला. हात खाली येऊ लागला. सुईवरून एक पिवळा कण सुटला आणि काळ्या तबकडीवर पडून गोल फिरू लागला.

मांडीवर थाप पडली.

साईरामचा हात जागीच थांबला. अंबुजाबाई तबकडीकडे बोट दाखवत होत्या.

"मीच लावलं, अम्मा," म्हणून महालक्ष्मी रडू लागली. अंबुजाबाईंनी तिचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवले. साईरामने मऊ ब्रशने सुई स्वच्छ केली, तो कण टिपला आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. या वेळी त्याने सुई अलगद टेकवली.

खरखर झाली, आणि मग आवाज आला. लेप करकरत होता, प्रत्येक फेरीला वाटे, आता तुटला. पण गाणे शेवटपर्यंत गेले. ते संपल्यावर तरुण अंबुजाबाई दुकानदाराशी बोलल्या, "झालं की? बेष झालं का?"

भुवना आजीच्या मांडीवर होती. तिने वर पाहिले आणि आजीच्या गळ्याला हात लावला.

"बेष झालं, आज्जी. आणखी बोल."

अंबुजाबाईंनी तिला पोटाशी घट्ट धरले. तबकडी उचलताना तिचा लेप साईरामच्या हातात सुटून आला. पण कॅसेट अजून फिरत होती, त्यामुळे नातीचे उत्तरही तिच्यात उतरले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, तेल-पाणी करा, पूजाही करा. पण तुमच्या घरात कोणी बोलत असेल, गात असेल, तर आमच्यावर विसंबू नका. त्यांच्याजवळ बसा, आणि त्यांनी काही विचारले तर लगेच उत्तर द्या.